मोक्षपट ते मोबाइल: एचआयव्हीवरचे खेळ आणि पटाबाहेर राहिलेली मुले

१/ १ डिसेंबर २००५, जागतिक एड्स दिन. दिल्लीच्या झेडएमक्यू या सॉफ्टवेअर कंपनीने त्या दिवशी एचआयव्हीविषयी माहिती देणारे मोबाइल खेळ भारतात आणले. उपक्रमाचे नाव होते ‘फ्रीडम एचआयव्ही/एड्स’. हे खेळ लाखो वेळा खेळले गेले. मात्र ज्या मुलांच्या शरीरात हा विषाणू जन्मापासूनच होता, त्यांना या खेळांत जागा नव्हती. ती का नव्हती, याचा हा इतिहास. 🧵

२/ भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. औषधे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. त्यामुळे पुढची अनेक वर्षे सारा भर एकाच गोष्टीवर राहिला: ज्याला संसर्ग नाही, त्याला तो होऊ नये. भिंतीवरची घोषणा असो वा पथनाट्य, श्रोता निरोगीच गृहीत धरलेला असे.

३/ याच सुमारास मोबाइल स्वस्त झाला. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून फोन देऊ केला. आजवर फोन न परवडणाऱ्यांच्या हातीही तो आला. झेडएमक्यूचे हिल्मी आणि सुभी कुरेशी यांनी हीच संधी हेरली आणि रिलायन्सच्या जाळ्यावरून आपले खेळ पोहोचवले. या जाळ्याचे मुख्यालय नवी मुंबईत, कोपरखैरण्याला होते.

४/ यांतला सर्वांत गाजलेला खेळ ‘सेफ्टी क्रिकेट’. सुरक्षित वर्तनाचे चेंडू टोलवले की धावा मिळत. असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त हे चेंडू घातक ठरत. ‘द मेसेंजर’मध्ये शांतिदूत कबुतर संदेश घेऊन उडे. पुढे हा उपक्रम आफ्रिकेत गेला, तेव्हा क्रिकेटची जागा फुटबॉलच्या पेनल्टीने घेतली.

५/ या रचनेचा एक पूर्वज महाराष्ट्राला चांगला परिचित आहे: परंपरेने ज्ञानदेवांशी जोडला जाणारा मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचे मूळ. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. चुकीच्या घरात पडलात, तर खाली. ‘सेफ्टी क्रिकेट’चे सूत्रही हेच होते: संसर्ग म्हणजे चुकीची शिक्षा.

६/ प्रतिबंध शिकवायला हे सूत्र उपयोगी आहे. पण जन्मतःच आईकडून संसर्ग आलेल्या मुलाचे काय? त्याने कोणतीही चूक केलेली नाही. तरी त्याचा डाव सापाच्या तोंडातूनच सुरू होतो. असा खेळ त्याच्या हातात दिला, तर तो त्याला एकच गोष्ट सांगतो: तू आधीच बाद आहेस.

७/ आता भिवंडीकडे पाहू. यंत्रमाग, गोदामे आणि मुंबई-आग्रा महामार्ग यांचे हे शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार इथे बारा-बारा तासांच्या पाळ्यांत माग चालवतात. ट्रकची वर्दळ अखंड असते. नॅकोच्या भाषेत ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार हे संसर्ग पसरवणारा ‘दुवा’ ठरले. कागदावर ही केवळ वर्गवारी होती. वस्तीत तिचा अर्थ संशय असा झाला. त्या संशयाची झळ कामगारांच्या मुलांनाही लागली.

८/ दरम्यान चित्र बदलले होते. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांत होते. ३० नोव्हेंबर २००६ रोजी बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. तोवर मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे करून मुलांना द्यावे लागत. आता ही मुले जगू लागली, शाळेत जाऊ लागली, वयात आली. महामारीच्या आरंभी ज्याची कल्पनाही कोणी केली नव्हती, असा एक वर्ग जन्माला आला: एचआयव्हीसह वाढणारे किशोर.

९/ त्यांचा प्रश्न माहितीचा नव्हता. रोज, न चुकता, आयुष्यभर गोळी घेणे हा तो प्रश्न होता. गोळ्या वारंवार चुकल्या, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. त्यातच किशोरवय म्हणजे सांगितलेले न ऐकण्याचे वय. आणि भिवंडीच्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर गोळी कोणाच्या नजरेआड घ्यायची?

१०/ या प्रश्नाला हात घालणारा खेळ आधी दुसऱ्याच आजारासाठी आला. २००६ मध्ये अमेरिकेतील होपलॅब संस्थेने कर्करोगग्रस्त किशोरांसाठी ‘री-मिशन’ बनवला. त्याची नायिका रॉक्सी शरीरात शिरून कर्कपेशींशी लढते. ३४ केंद्रांतील ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नियमित घेतली.

११/ इथे पट उलटला. रुग्ण आता बाद झालेला फलंदाज राहिला नाही. लढणारा तोच होता आणि औषध हे त्याचे शस्त्र. हीच कल्पना ‘बॅटलवायरो’ने एचआयव्हीकडे आणली. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ६१ तरुण रुग्णांवर त्याची छोटी चाचणी झाली. नुकतेच औषध सुरू केलेल्यांना फायदा दिसला. सर्वांना मात्र नाही.

१२/ भारतातील एक निष्कर्ष याहून सावध करणारा आहे. दक्षिण भारतात ६३१ प्रौढ रुग्णांवर ‘एचआयव्हीइंड’ अभ्यास झाला. निम्म्यांना मोबाइलवर दर आठवड्याला आठवण करून देणारा कॉल आणि चित्रसंदेश जाई. २०१४ मध्ये निकाल आला: उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. गोळी केवळ विस्मरणाने चुकत नाही. ती भीतीने, कंटाळ्याने, लपवण्याच्या धडपडीतही चुकते.

१३/ म्हणून भिवंडीतील मुलासाठी खेळ करायचा, तर पहिली कसोटी गुप्ततेची. घरातला फोन एकाचा नसतो. पडद्यावरचे लाल फितीचे एक चिन्हही भावंडांसमोर, शेजाऱ्यांसमोर गुपित फोडू शकते. एचआयव्हीविषयक कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो संसर्गाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. खेळाच्या रचनेतही तो हक्क पाळला गेला पाहिजे.

१४/ त्याच कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार पाहणारे, पुरेशी समज असलेले १२ वर्षांवरील मूलही आपल्या अल्पवयीन भावंडाचे पालक ठरू शकते. ज्याच्यावर घराचा भार टाकता येतो असे कायदा मानतो, त्याला खेळाने केवळ उपदेश ऐकणारा समजणे बरे नव्हे.

१५/ २००५ च्या खेळांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. त्या काळाचा प्रश्नच वेगळा होता. पण आज विज्ञान सांगते की, नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. अशा मुलाला शिक्षण, नोकरी, संसार, सारे शक्य आहे. त्याच्यासाठी पट आखायचा, तर पहिल्या घरातला साप पुसावा लागेल.