राणीची बाग कुणी लावली?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणारी बहुतेक गर्दी प्राण्यांसाठी येते. पूर्वी ती हत्ती-माकडांसाठी यायची, 2017 पासून पेंग्विनसाठी येते. पण ही बाग लावली ती झाडांचे वेड असलेल्या मंडळींनी. प्राणी पुष्कळ नंतर आले.

या मंडळींची संस्था 1830 मध्ये मुंबईत स्थापन झाली. नाव भारदस्त : ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. वर्गणी भरणारे सभासद, परदेशांतून येणारी बियाणी आणि रोपे, आणि त्यातले काय इथल्या मातीत रुजते याची पारख, असा तिचा व्यवहार. त्यामागे निव्वळ हौस नव्हती. कोणते झाड पैसा देईल, याकडे व्यापाऱ्यांचे आणि सरकारचेही लक्ष होते.

सोसायटीची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा तिच्याकडे राहिली नाही. वाढत्या शहराला नवे दफनस्थान हवे होते आणि 1860 च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत शिवडीच्या बागेचे ख्रिस्ती दफनभूमीत रूपांतर झाले. सोसायटीने त्याआधीच, 1861 मध्ये, भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नव्याने मांडामांड सुरू केली.

तिथे बागेला शेजार मिळाला तो एका बेघर झालेल्या संग्रहालयाचा. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने जमवलेल्या वस्तूंमधून फोर्टातल्या टाउन बरॅक्समध्ये एक संग्रहालय उभे राहिले होते. 1857 चा उठाव झाला, लष्कराला बरॅक्स हव्या झाल्या आणि संग्रहालयाचे सामान बाहेर काढण्यात आले. या झटापटीत बरेच काही नष्ट झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी उरलेला संग्रह सांभाळला आणि नव्या इमारतीसाठी खटपट सुरू केली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांच्यासोबत शहरातल्या धनिकांकडून वर्गणी उभी केली.

बर्डवूड बागेच्या सोसायटीचेही काम पाहत, त्यामुळे बाग आणि संग्रहालय यांचा संसार एकाच आवारात थाटला गेला. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स लोकांना खुली झाली.

बाग वाढत गेली, इमारत मात्र रखडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा धो-धो वाहत होता. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि वर्गणीच्या याद्यांवरची बडी नावे दिवाळखोरीत निघाली. बाहेरून संयत, आत ओतीव लोखंडाच्या खांबांनी आणि रंगीत नक्षीने नटलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम अखेर 2 मे 1872 रोजी उघडले. डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा त्याआधीच समोर उभा होता.

या बागेने वनस्पतिशास्त्रालाही काही दिले. सोमाली किनाऱ्यावरून एडनमार्गे आलेल्या धूपवृक्षांच्या फांद्या इथे लावण्यात आल्या. त्यांचा अभ्यास करून बर्डवूड यांनी बोस्वेलिया या प्रजातीतल्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. देवळात आणि चर्चमध्ये जळणाऱ्या सुगंधी डिंकाच्या झाडाची शास्त्रीय ओळख भायखळ्यातून जगाला झाली.

ज्या सोसायटीने हे सारे उभे केले ती 1873 मध्ये मोडीत निघाली आणि बाग म्युनिसिपालिटीच्या हाती आली. 1890 मध्ये आवार वाढवून प्राण्यांसाठी जागा केली गेली. मग शहराने इथे आणखीही बरेच आणून ठेवले. घारापुरीचा दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला नेताना उचलण्याची साखळी तुटून फुटला होता. तो 1914 च्या सुमारास जोडून बागेत उभा केला. 1965 मध्ये फोर्टातला ‘काळा घोडा’, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही, इथेच आला.

स्वातंत्र्यानंतर बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे, तर 1975 मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी 2003 पासून इमारतीची दुरुस्ती हाती घेतली. 2005 मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये दारे पुन्हा उघडली. झाडांच्या वाट्याला मात्र असे कौतुक आले नाही. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा हे मुळात वनस्पतिउद्यान आहे याची आठवण नागरिकांनाच करून द्यावी लागली.

सोसायटीचे नाव आज पुण्यात भेटते. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी आणि दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरवणारी संस्था हेच नाव लावते. मुंबईत तिचे नाव पुसले गेले, तरी गोरखचिंच, कैलासपती आणि उर्वशी बागेत आहेत. पेंग्विन पाहायला जाल तेव्हा तासभर या झाडांसाठी आणि शेजारच्या संग्रहालयासाठी काढा. फक्त बुधवार टाळा. त्या दिवशी दोन्ही बंद असतात.