१४. पीए हेड

पीए म्हणजे पब्लिक अ‍ॅड्रेस. शाळा, चर्च, सभागृहांतली भाषणे मागच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी १९४०-५०च्या दशकांत अमेरिकेत विकले जाणारे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकर वेगळा असे, म्हणून नुसते ‘हेड’. मास्को आणि बोगन ही त्यांतली परिचित नावे. शिकागोचे ब्लूज वादक माउथ ऑर्गन आणि माइक एकाच ओंजळीत घट्ट धरत. हे माइक बहुधा क्रिस्टलचे, आणि जुन्या पीएची माइकची जोडणी मुळात अशाच माइकसाठी केलेली. म्हणून ही जोडी जमली. ओंजळीत कोंडलेला आवाज व्हॉल्व्हना स्वच्छ पेलवत नाही. सूर जाड होतो, कडेला किंचित फाटतो. ज्याला ‘सॅक्सोफोनसारखा’ म्हणतात तो हाच सूर. या वादकांपैकी लिटल वॉल्टर (मृत्यू १९६८) याचे ‘ज्यूक’ (१९५२) अवश्य ऐकावे. विजेवर वाजलेला माउथ ऑर्गन काय करू शकतो हे त्यात लखलखीत कळते. असे हेड आज वापरायचे तर जुने कपॅसिटर बदलून अर्थिंगची तीन तारांची वायर बसवून घेतात. मूळच्या दोन तारांवर माइकच्या धातूतून ओठाला शॉक बसू शकतो, आणि तो जिवावरही बेततो.