लहान मुलांमधला बायपोलर आजार : थोडा इतिहास, थोडं शहाणपण

"डॉक्टर, आठ वर्षांच्या मुलाला बायपोलर होतो का?" हा प्रश्न पालकांच्या मनात बहुधा दोन वाटांनी येतो. कधी मोबाईलवर काहीतरी वाचलेलं असतं, तर कधी गावात कुणीतरी "याला बाहेरचं आहे" म्हणालेलं असतं आणि ते पटलेलं नसतं. ही दोन्ही निदानं घाईची आहेत. त्यांच्यामागचा इतिहास कळला, की तुमच्या मुलासाठी काय करायचं हेही सोपं होईल.

आजार म्हणजे नेमकं काय?

बायपोलरमध्ये मनःस्थिती दोन टोकांना जाते. उन्मादाच्या काळात झोप कमी होऊनही थकवा येत नाही, बोलणं आणि विचार सुसाट धावतात, 'मी काहीही करू शकतो' असं वाटतं. नैराश्याच्या काळात खेळ, जेवण, मित्र, कशातच मन लागत नाही. यात 'काळ' हा शब्द महत्त्वाचा. हे बदल काही दिवस ते काही आठवडे टिकतात. सकाळी रुसलेलं मूल दुपारी हसलं, तर तो बायपोलर नव्हे.

बाहेरचं की आतलं?

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातले चार शरीरातल्या दोषांमुळे होणारे आणि पाचवा 'आगंतू', म्हणजे बाहेरून आलेला. लोकांच्या मनात मात्र हा पाचवाच घट्ट बसला. मग देवऋषी, अंगारा, उतारा सुरू झाले.

इंग्रजी अमलात मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं आणि शरीराच्या आजारांना जवळ इलाज मिळाला. मनाच्या आजाराची वाट मात्र येरवडा किंवा रत्नागिरीला जात होती. १९१२ च्या कायद्यात त्या रुग्णाला 'वेडा' म्हटलं होतं, आणि त्याला दाखल करायला बहुतेक वेळा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. अशा ठिकाणी मूल कोण नेणार?

१९४९ चं वर्ष

जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये हा एक स्वतंत्र आजार म्हणून मांडला. दहा वर्षांच्या आत तो सुरू झाल्याचं त्यांना हजारात जेमतेम चार रुग्णांत दिसलं. पुढे १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. त्याच वर्षी आपल्याकडे 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, तोच आजचा सांगली जिल्हा. लिथियम आजही वापरात आहे.

पण त्याच काळात पाश्चात्त्य मानसशास्त्रात मुलांच्या गंभीर मनोविकारांचा दोष आईच्या माथी मारला जात होता. तो विचार पुढे खोटा ठरला. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तुमच्या लाडामुळे किंवा रागावण्यामुळे हा आजार होत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक

नंतर अमेरिकेत लंबक उलटा गेला. वीस वर्षांखालच्या मुलांच्या बायपोलर निदानासाठी डॉक्टरांकडे होणाऱ्या भेटी १९९४-९५ ते २००२-०३ या काळात सुमारे ४० पट वाढल्या. सतत चिडणाऱ्या अनेक मुलांवर हा शिक्का बसला आणि औषधंही सुरू झाली. शेवटी २०१३ मध्ये सततच्या तीव्र चिडचिडीसाठी वेगळं निदान करावं लागलं. धडा असा, की लहान वयात बायपोलर दुर्मीळ आहे. तो बहुधा किशोरवयात किंवा त्यानंतर सुरू होतो. अतिचंचलता, झोपेचे त्रास, घरातला किंवा शाळेतला छळ, फिट्स आणि थायरॉईड हे सगळं आधी तपासावं लागतं.

पालकांची जागा

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाईकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. कुटुंब उपचाराचा भाग झालं. आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल केलं, तर त्याच्यासोबत पालक किंवा सोबतीची व्यक्ती पूर्ण काळ असावीच लागते आणि त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या.

दुसरा कायदा आपल्याच मातीतला. साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेत डॉक्टर झालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारणं किंवा साखळीनं बांधणं हा त्यात गुन्हा आहे. तुम्ही देवाला जरूर जा. पण मुलाला मारू देऊ नका आणि औषध बंद करू नका.

घरी काय कराल?

- झोप, मनःस्थिती आणि औषधं रोज वहीत लिहा. दोन महिन्यांची अशी वही निदानाला फार मदत करते.
- झोपण्या-उठण्याची वेळ सुट्टीतही सांभाळा. झोप अचानक कमी झाली तर ती धोक्याची सूचना समजा.
- लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. जुलाब-उलट्या झाल्या किंवा कडक उन्हात पाणी कमी पडलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा.
- शिक्षकांना विश्वासात घ्या. भावंडांनाही थोडं समजावून सांगा.
- मूल मरणाची भाषा बोललं तर "नाटक करतोय" म्हणू नका. शेतीची कीटकनाशकं आणि घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

निदानाला वेळ लागला तरी घाबरू नका. या आजारात घाईचा शिक्का महागात पडतो, हे इतिहासानं दाखवलंय. मदत घेण्यासाठी मात्र निदान पक्कं होण्याची वाट पाहायची गरज नाही.