मिशाळ उमरावाचे नाव

इसवी सन १०६६ च्या शरद ऋतूत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फौजेनिशी उतरला, तेव्हा राजा हॅरल्डने त्याच्या छावणीकडे धाडलेल्या हेरांनी परत येऊन अशी खबर दिली की, शत्रूच्या गोटात शिपायांपेक्षा पाद्र्यांचाच भरणा अधिक दिसतो, कारण ज्याला पाहावे त्याचे दोन्ही ओठ वस्तऱ्याने साफ केलेले. हॅरल्डला हसू आले. ते पाद्री नसून कसलेले लढवय्ये आहेत हे तो पुरते जाणून होता. ही हकिकत माम्सबरीच्या विल्यम नावाच्या मठवासी बखरकाराने बाराव्या शतकात नमूद करून ठेवली आहे, आणि ती शब्दशः खरी मानण्याचा आग्रह कोणी धरू नये. तथापि त्या युद्धाचा वृत्तांत ज्या भरतकामाच्या दीर्घ पट्टीवर चितारलेला आहे आणि जी आजही बायो येथील पट म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यावरही इंग्रज बहुधा मिशांचे आणि नॉर्मन बहुधा सफाचट चेहऱ्यांचे असेच काढलेले आहेत.

अशा सफाचट मंडळीत एखाद्या सरदाराने मिशा राखल्या, तर तेवढ्या एका लक्षणावरून त्याला चारचौघांत हाक मारली जावी हे स्वाभाविक होते. विल्यम द पर्सी नामक नॉर्मन सरदार जेत्या राजाच्या मागोमाग इंग्लंडात आला, यॉर्कशर आणि लिंकनशर या परगण्यांत त्याला विस्तीर्ण जहागिरी मिळाल्या, त्यांची नोंद १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमाबंदीच्या दप्तरात झाली, व्हिट्बीचा उद्ध्वस्त मठ त्याच्या आश्रयाने पुन्हा उभा राहिला आणि पहिल्या क्रुसेडच्या मोहिमेत त्याचा अंत झाला. परंतु या सगळ्या कर्तृत्वापेक्षा लोकांच्या ध्यानात राहिल्या त्या त्याच्या मिशा. जुन्या फ्रेंच बोलीत ‘आल्स गेर्नोन्स’, म्हणजे मिशांचा, असे त्याला म्हणत. बुलोन्यचा काउंट यूस्टस यालाही हेच बिरुद चिकटले होते, आणि बायोच्या पटावर त्याच्या मिशा चांगल्या झुबकेदार काढल्या आहेत. मात्र अशी बिरुदे म्हणजे नाव नव्हे. ती धन्याच्या हयातीपुरती चालत आणि त्याच्याबरोबर थडग्यात जात. यूस्टसचे बिरुद तसेच गेले. पर्सीचे मात्र पुढे चार शतकांनी अल्जर्नन या रूपाने बाप्तिस्म्याचे नाव होऊन उठून बसले, आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की, मिशीसारख्या निखालस पुरुषी लक्षणातून निघालेले हे नाव पुढे पिढ्यानुपिढ्या टिकवले ते मुख्यतः त्या घराण्याच्या लेकींनी.

खुद्द पर्सी हे आडनावही अशाच एका लेकीमुळे वाचले आहे. मूळ पुरुषाचा पुत्रवंश बाराव्या शतकातच खुंटला, तेव्हा वारसकन्या अ‍ॅग्नेस हिने लूवेनच्या जॉसलिनशी विवाह केला आणि तिच्या संततीने बापाचे आडनाव टाकून आईचे घेतले. या शाखेने १३०९ मध्ये डरहॅमच्या बिशपाकडून अ‍ॅनिकचा किल्ला खरेदी केला, १३७७ मध्ये नॉर्दंबरलंडच्या अर्लची पदवी मिळवली, आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर राजाला शोभेल अशा इतमामाने ती नांदू लागली. या घराण्यात १४७८ साली जन्मलेल्या मुलाचे नाव हेन्री अल्जर्नन ठेवण्यात आले. हाच पुढे पाचवा अर्ल झाला. त्या काळी थोर घराण्यांना वंशावळींचा आणि कुलचिन्हांचा मोठा सोस लागला होता, आणि नव्याने उमराव झालेल्या मंडळींपेक्षा आपले कूळ किती पुरातन आहे, हे दाखविण्यास नॉर्मन मूळ पुरुषाच्या बिरुदासारखे साधन दुसरे नव्हते. या अर्लने आपल्या विल्यम पीरिस नावाच्या आश्रिताकडून पर्सी घराण्याची पद्यमय बखरही लिहवून घेतली.

पाचव्या अर्लच्या सरंजामाची कल्पना यावी म्हणून त्याच्या खाजगीकडील दप्तराचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. १५१२ च्या सुमारास सुरू झालेल्या या खातेवहीत मुदपाकखान्यापासून प्रार्थनामंदिरापर्यंत प्रत्येक कारखान्याची नेमणूक बारीकसारीक तपशिलाने लिहिलेली आहे. उपवासाच्या दिवशी अर्ल आणि त्याची पत्नी यांना सकाळच्या न्याहारीस काय द्यावे? पाव, एक क्वार्ट बिअर, एक क्वार्ट द्राक्षमद्य, खारवलेल्या मासळीचे दोन तुकडे, धुरावलेले सहा हेरिंग मासे आणि शिवाय चार पांढरे हेरिंग, अथवा त्यांच्या ऐवजी बारीक मासळीची एक थाळी. आपल्याकडील एकादशी-दुप्पटखाशीच्या म्हणीला साहेबाच्या देशातही आधार होता म्हणायचा! हे दप्तर १७७० मध्ये छापून प्रसिद्ध केले थॉमस पर्सी या पाद्र्याने. तो किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. पण आडनाव जुळत असल्यामुळे या उमरावी कुळाशी आपले नाते लावण्याची त्याला हौस होती.

हेन्री अल्जर्नन हे जोडनाव त्या काळच्या इंग्लंडात विलक्षणच होते. विल्यम कॅम्डन या साक्षेपी पंडिताने १६०५ साली इंग्रजी नावांविषयी लिहिताना असे नमूद केले की, एका माणसाला बाप्तिस्म्याची दोन नावे असणे आपल्या देशात दुर्मीळ आहे. आणि उदाहरणे म्हणून राजा जेम्स, त्याचा पुत्र व आणखी दोघे गृहस्थ एवढेच त्याला आठवले. नॉर्दंबरलंडचा पाचवा अर्ल त्याच्या स्मरणातून निसटला. बिरुदाला एकट्याने चालण्याचे धैर्य अजून आलेले नव्हते, म्हणून ते हेन्रीचे बोट धरून आले, असा माझा तर्क आहे.

ते सुटे झाले ते १६०२ मध्ये जन्मलेल्या दहाव्या अर्लबरोबर. हा अल्जर्नन पर्सी १६३८ मध्ये राजाचा मुख्य नौकाधिपती झाला, आणि यादवी पेटली तेव्हा त्याने पार्लमेंटचा पक्ष धरला. त्याची बहीण डॉरथी लेस्टरच्या अर्लकडे सिडनी घराण्यात दिली होती. तिने आपल्या एका मुलाला भावाचे नाव दिले, आणि त्या भाच्याने मामापेक्षाच काय, पण साऱ्या पर्सी कुळापेक्षा ते नाव अधिक दूरवर नेले.

अल्जर्नन सिडनी हा कट्टर प्रजासत्ताकवादी, मानी आणि काहीसा तिरसट पुरुष. दुसऱ्या चार्ल्सला ठार करण्याच्या तथाकथित राय हाउस कटात गोवून १६८३ मध्ये त्याला पकडण्यात आले, घराची झडती झाली आणि मेजावरचे कागद जप्त झाले. राजद्रोहाच्या मुकदम्यात दोन साक्षीदार असावेत असा कायद्याचा दंडक होता, आणि सरकारपक्षापाशी कटाचा प्रत्यक्ष साक्षीदार एकच, तोही स्वतःची मान सोडवू पाहणारा एक लॉर्ड. तेव्हा न्यायाधीश जेफ्रीजने अशी युक्ती काढली की, आरोपीच्या मेजावर सापडलेला अप्रकाशित मसुदा हाच दुसरा साक्षीदार समजावा, कारण लिहिणे हीदेखील कृतीच होय! तो मसुदा म्हणजे राजसत्ता ईश्वरदत्त व पितृसत्ताक आहे या रॉबर्ट फिल्मरच्या प्रतिपादनाचे विस्तृत खंडन होते. ते कोठे छापलेले नव्हते, कोणाला वाचून दाखविल्याचा पुरावा नव्हता. ७ डिसेंबर १६८३ रोजी टॉवर टेकडीवर सिडनीचा शिरच्छेद झाला. सहा वर्षांत राज्यक्रांती होऊन पार्लमेंटने ती शिक्षा रद्द ठरवली, आणि १६९८ मध्ये तो ‘साक्षीदार’ मसुदा ग्रंथरूपाने बाहेर पडला.

अमेरिकेतील वसाहतींनी तो ग्रंथ आदराने वाचला. व्हर्जिनियातील एका विद्यालयाला १७७५ मध्ये जॉन हॅम्पडनच्या जोडीने सिडनीचे नाव देण्यात आले, आणि पर्सींशी रक्ताचा काडीमात्र संबंध नसलेल्या घरांतून मुलांना ‘अल्जर्नन सिडनी’ अशी सगळीच्या सगळी जोडी ठेवली जाऊ लागली. नेब्रास्काचा सिनेटर पॅडक हा त्यांपैकीच एक. धर्ममताविरुद्ध बोलल्याबद्दल १९०६ मध्ये ज्याच्यावर खटला चालला तो पाद्री क्रॅप्सी हा दुसरा. इंग्लंडात जे नाव सरंजामी डौलाचे होते, ते अटलांटिकपार राजाविरुद्ध मान ताठ ठेवण्याचे झाले. माझ्या मते त्या नावाला लाभलेला सर्वांत सन्मानाचा काळ हाच होय.

इकडे घरच्या बाजूला पर्सींचा पुत्रवंश पुन्हा खुंटला. दहाव्या अर्लची नात एलिझाबेथ ही अखेरची वारस. पंधराव्या वर्षापर्यंत ती दोनदा विधवा झाली होती आणि त्याच वर्षी सॉमरसेटच्या ड्यूकशी तिचे तिसरे लग्न लागले. तिने आजोबांचे नाव मुलाला दिले. तो अल्जर्नन सीमूर. त्याचीही मुलगीच वारस ठरली, आणि तिने धाकट्या मुलाला आपल्या बापाचे नाव ठेवले. तो बेव्हर्लीचा अर्ल अल्जर्नन पर्सी. या अर्लची कन्या शार्लट अ‍ॅशबर्नम घराण्यात गेली, तिची कन्या जेन स्विनबर्न घराण्यात, आणि जेनच्या पोटी १८३७ मध्ये अल्जर्नन चार्ल्स स्विनबर्न हा कवी जन्मला. म्हणजे हे नाव डॉरथीने सासरी नेले, एलिझाबेथने नेले, तिच्या नातीने पुढे दिले, आणि शेवटी पणजोबांकडून पणतवंडाकडे आले तेही आजी आणि आई यांच्या ओटीतून.

स्विनबर्नच्या पिढीत नावाची खरी चलती झाली, आणि चलती झाली की अवनती जवळ येते. मध्ययुगाच्या वेडाने भारलेल्या व्हिक्टोरियन समाजात सुस्थितीतील वकील-व्यापाऱ्यांनीही उमरावी नावे उचलली. परिणामी अल्जर्नन म्हणजे वाडवडिलांच्या पैशावर जगणारा, बुटांच्या चकाकीची काळजी करणारा तरुण, असा संकेत रूढ झाला. ऑस्कर वाइल्डने १८९५ च्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या प्रहसनात त्या संकेतावर कायमचे शिक्कामोर्तब केले. त्यातला अल्जर्नन मंक्रीफ आपले नाव खानदानी असल्याची ग्वाही देतो, पण ते दिवाळखोरांच्या कचेरीतही पुष्कळ आढळते हे त्यालाच कबूल करावे लागते. १९०७ मध्ये हिलेअर बेलॉकने मुलांसाठी जी उपदेशपर विडंबनकाव्ये छापली, त्यांतही भरलेल्या बंदुकीशी खेळणाऱ्या द्वाड पोराला हेच नाव आहे. ज्या नावाचे लघुरूप ‘अल्जी’ होते, त्याने भारदस्तपणा राखावा तरी कसा!

गंमत अशी की, नावाची अशी घसरण चालू असताना मूळ वस्तूला मात्र सरकारी आश्रय मिळाला होता. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील गोऱ्या पलटणींना मिशा राखणे सक्तीचे करण्यात आले, आणि १८६० पासून तर खुद्द ब्रिटिश लष्कराच्या नियमावलीतच वरच्या ओठाला वस्तरा लावण्यास मनाई झाली. ही मनाई १९१६ साली, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, उठविण्यात आली. त्यानंतरच्या साहेबाने मिशी काढली आणि तो मुलांची नावेही साधी ठेवू लागला; १९३० नंतरच्या बिगल्सच्या साहसकथांत एक अल्जर्नन विमानातून फिरतो खरा, पण त्याला सगळे अल्जीच म्हणतात.

१९५९ मध्ये डॅनिएल कीज या अमेरिकन लेखकाने ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कथा प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेने बुद्धी वाढवलेल्या प्रयोगशाळेतील एका उंदराला त्याने स्विनबर्नवरून हे नाव दिले. १९६० मध्ये त्या कथेला ह्यूगो पारितोषिक मिळाले, १९६६ मध्ये तिची कादंबरी झाली, १९६८ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि नायकाची भूमिका करणाऱ्या क्लिफ रॉबर्टसनला ऑस्कर मिळाले. अमेरिकेतील शाळांतून ती कथा नेमून वाचली जाते, आणि तिथल्या मुलांना अल्जर्नन ठाऊक असतो तो या उंदरामुळे. पर्सी, सिडनी आणि स्विनबर्न त्यांच्या अभ्यासक्रमात क्वचितच येतात.