ना रस्ता, ना पायवाट: अलास्कातल्या या राष्ट्रीय उद्यानात लोक फिरतात तरी कसे?

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की तिकीट खिडकी आणि जीप सफारी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’मध्ये यातलं काहीच नाही. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, ब्रुक्स पर्वतरांगेत पसरलेलं हे उद्यान आणि त्याला जोडलेलं संरक्षित क्षेत्र मिळून 34 हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे केरळपेक्षा थोडंच लहान. पण आत एकही रस्ता नाही की आखलेली पायवाट नाही.

हे नाव कुठून आलं?

वनशास्त्रज्ञ बॉब मार्शल 1929 मध्ये पहिल्यांदा या भागात आले. कोयुकुक नदीच्या खोऱ्यात समोरासमोर उभी असलेली दोन शिखरं त्यांना आर्क्टिकच्या दरवाजासारखी वाटली. तेच नाव 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यानाला मिळालं.

तिथे पोहोचायचं कसं?

बहुतेक जण फेअरबँक्सहून छोट्या विमानाने बेटल्स किंवा अनाक्तुवुक पास गाठतात. पुढे तळ्यावर उतरणारं विमान त्यांना सोडून येतं. डाल्टन महामार्गावरूनही चालत जाता येतं, पण वाटेत नदी पार करावी लागते.

चालणं इतकं अवघड का?

इथे ‘टसॉक’ म्हणजे पायाखाली डगमगणारे गवताचे गड्डे असतात. त्यामुळे दिवसभर चालूनही अंतर फारसं कापलं जात नाही. पाऊस पडला की नद्या फुगतात. अस्वलांमुळे खाणं खास मजबूत डब्यातच ठेवावं लागतं. मोबाइलला रेंज नसते. हवामान बिघडलं तर परतीचं विमान काही दिवस येत नाही. म्हणून जास्तीचं खाणं आणि सॅटेलाइट फोन सोबत हवाच.

मग वाद कशाचा?

आंबलर भागातल्या तांब्याच्या खाणींपर्यंत सुमारे 340 किलोमीटरचा रस्ता प्रस्तावित आहे. त्याचा काही भाग इथल्या संरक्षित क्षेत्रातून जातो. या रस्त्याची तरतूद 1980 च्या कायद्यातच होती. बायडेन सरकारने 2024 मध्ये तो नाकारला, ट्रम्प सरकारने 2025 मध्ये मंजूर केला. समर्थकांना रोजगार आणि खनिजं हवी आहेत. विरोधकांना भीती आहे ती कॅरिबू हरणांच्या स्थलांतराची. इथली अनेक मूलनिवासी कुटुंबं आजही अन्नासाठी याच कळपांवर अवलंबून आहेत.