पोरकिडे कुठून येतात?

आमच्या किराणा दुकानात पावसाळ्यात एक खटला ठरलेला असायचा. एखाद्या काकू पिशवी काउंटरवर ठेवून म्हणायच्या, "बघा, महिन्यापूर्वी नेलेले गहू." पिशवीत पोरकिडे फिरत असायचे. बाबा शांतपणे उत्तर द्यायचे, "वहिनी, इथून स्वच्छ गेलेत. दमट हवा लागली की होतात." काकू म्हणायच्या, डबा घट्ट झाकणाचा आहे. शेवटी बाबा गहू बदलून द्यायचे, पण गुन्हा कबूल करायचे नाहीत. गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करणारा मी या खटल्याचा एकमेव प्रेक्षक. बाबांचं खरं की काकूंचं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दिवसभर तोच खटला चालवतो. चूक आमच्या कोडमध्ये आहे की ग्राहकाच्या सर्व्हरवर? "आमच्याकडे तर नीट चालतंय" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की बाबांची आठवण येतेच.

छोट्या गावातला दुकानदार हा हौशी गुप्तहेर व्हायला अगदी योग्य माणूस, हे रहस्यकथा लिहिणाऱ्यांना फार पूर्वी कळलंय. कोण काय नेतं, कोणाची उधारी थकली, कोण अचानक रोख देऊ लागलं, सगळं त्याला ठाऊक. पण माझा आवडता दुकानदार-गुप्तहेर कथेतला नाही. तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात कापड विकायचा. शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी होत्या: आन्तोनी फान लेव्हेनहूक, सूक्ष्मजीवांचा शोध. त्या दोन ओळींतून तो शास्त्रज्ञ वाटतो. होता मात्र दुकानदार.

जन्म १६३२ चा. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर गेले. सोळाव्या वर्षी मुलगा ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे कामाला लागला. १६५४ मध्ये गावी परतून त्याने स्वतःचं दुकान टाकलं. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही, लॅटिन येत नव्हतं, आणि त्या काळी लॅटिन न येणारा माणूस विद्वानांच्या पंगतीत बसू शकत नसे. १६६० मध्ये नगरसभेच्या इमारतीत अधिकाऱ्यांच्या दालनाची देखभाल करण्याची नोकरी मिळाली. शेकोटी पेटवणं, झाडलोट, कुलूपकिल्ल्या. पुढे तो दारूच्या पिंपांची मापं तपासणारा अधिकारीही झाला. चित्रकार व्हर्मीर कर्जात बुडून वारला तेव्हा त्याच्या मागे उरलेला हिशेब निस्तरायला गावाने यालाच नेमलं. गावाचा विश्वास असलेला, मापात चोख माणूस.

कापडवाले धागे मोजायला भिंग वापरत. याने स्वतः भिंगं करायला घेतली: वाटाण्याहून लहान, धातूच्या दोन पट्ट्यांत बसवलेली. त्यातलं आज टिकलेलं सर्वांत ताकदवान भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं.

१६७४ साल. जूनमध्ये इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच उन्हाळ्यात हा गृहस्थ डेल्फ्टजवळच्या एका तळ्यावर गेला होता. दर उन्हाळ्यात ते पाणी गढुळायचं, त्यात हिरवट ढग तरंगायचे. खेड्यातले लोक सांगत, दंवामुळे होतं. आमच्या बाबांची "हवा लागली" आणि त्यांचं दंव, एकाच जातीची उत्तरं. त्यांनी कोणी दोषी ठरत नाही आणि चौकशी तिथेच थांबते. लेव्हेनहूकने पाणी बाटलीत भरून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलं. मळसूत्रासारखे वळलेले हिरवे तंतू दिसले आणि त्यांच्यामधून पळणारे चिमुकले जीव.

दोन वर्षांनी त्याला प्रश्न पडला की मिरी जिभेला का झोंबते. डेल्फ्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची मोठी कचेरी होती, मिऱ्यांना तोटा नव्हता. (याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती.) मिऱ्याच्या कणांना बारीक काटे असतील, असा त्याचा संशय. मिरी पाण्यात भिजत घातली. तीनेक आठवड्यांनी पाहतो तर काटे नाहीतच, पाण्यात अगणित जीव. मूळ तर्क साफ चुकला, पण सापडलं ते त्याने टाकून दिलं नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो इथे.

ऑक्टोबर १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक डच पत्र लिहिलं. तिथल्यांना पटेना. कापडवाल्याचं काय ऐकायचं? मग याने खास दुकानदारी उपाय केला: साक्षीदार उभे केले. धर्मोपदेशक आणि नोटरी धरून गावातल्या आठ प्रतिष्ठितांना भिंगातून दाखवलं, त्यांच्या सह्यांचे दाखले घेतले आणि १६७७ मध्ये लंडनला धाडले. त्याच नोव्हेंबरात रॉबर्ट हूकने सोसायटीच्या सभासदांसमोर प्रयोग करून ते जीव दाखवले. १६८० मध्ये लॅटिन न येणारा कापडवाला सोसायटीचा सभासद झाला.

आता गुप्तहेराचा दोष. भिंगं कशी करतो हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. तत्त्वज्ञ लाइब्निट्सने सुचवलं की तरुणांना शिकवा. याने नकार दिला. दुकानदाराचं गुपित! माझ्या क्षेत्रात असा एक माणूस प्रत्येक टीममध्ये असतो, जो सगळं सोडवतो पण काहीच लिहून ठेवत नाही, आणि नोकरी सोडतो तेव्हा सगळे हवालदिल. लेव्हेनहूक १७२३ मध्ये नव्वदीत गेला, आणि त्याने पाहिलेलं तितकं स्पष्ट पाहणं पुढे कित्येक दशकं फारसं कोणाला जमलं नाही. रॉयल सोसायटीला ठेवलेली २६ चांदीची सूक्ष्मदर्शकंही पुढे हरवली. गुपित फुटलं ते २०२१ मध्ये. डेल्फ्टमधल्याच संशोधकांनी न्यूट्रॉनचा झोत टाकून, यंत्र न उघडता आतलं भिंग पाहिलं. ताकदवान भिंग घासून केलेलं नव्हतं. काच वितळवून केलेला तो गोल मणी होता. ही कृती हूकने १६६५ च्या पुस्तकात छापून टाकली होती. म्हणजे ज्या गुपितासाठी एवढी चिडीचूप, ते उघड्यावरच पडलं होतं.

आमच्या खटल्याशी थेट संबंध असलेलं प्रकरण मात्र १६८७ चं. धान्यातले सोंडकिडे धान्यातूनच आपोआप निपजतात, ही लोकांची खात्री. कुजक्या मांसातल्या अळ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात हे इटलीत रेदीने १६६८ मध्ये दाखवलं होतं, पण बंद दाण्याच्या आत कीड कशी शिरणार? लेव्हेनहूकने काचेच्या नळ्यांत निवडक दाणे घातले. काहींत किडे सोडले, काहींत नाहीत. किड्यांची पोटं फाडून अंडी पाहिली. दाणे फोडून आतल्या अळ्या पाहिल्या. निकाल स्पष्ट: किड्यापासूनच किडा. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते आणि आत अंडं घालून तोंड बुजवते. अळी दाणा आतून खात वाढते. बाहेरून गहू स्वच्छ, टपोरा. उबदार हवेत महिना-दीड महिन्याने पूर्ण वाढलेला किडा भोक पाडून बाहेर येतो.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो. स्वच्छ दिसणारा गहू, घट्ट झाकणाचा डबा, मध्ये गेलेला एक महिना. दमट हवेने किड्यांची वाढ जोमात होते, तेवढं बाबांचं खरं. पण हवेने किडा जन्मत नाही. बहुतेक वेळा अंडी आमच्याच पोत्यातून गेली असणार. त्या काकू बरोबर होत्या.

बाबांना फोनवर सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. दुकान आता नीट चालत नाही. गावात मोठं मार्ट आलंय, गहू बदलून मागायलाही फार कोणी येत नाही. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "नळीचं तोंड कशाने बंद केलं होतं त्याने?"

दिवाळीत घरी गेलो तेव्हा काउंटरवर काचेच्या दोन बरण्या होत्या. दोन्हींत मूठभर निवडलेले गहू, तोंडाला मलमल बांधलेली. एका बरणीत बाबांनी तीन किडे सोडले होते. दोन्हींवर चिठ्ठी चिकटवून त्यांच्या उधारीच्या वहीतल्या अक्षरात तारीख घातली होती.