अहवाल आणि अंमल

मानवत हे परभणी जिल्ह्यातील गाव कापसाच्या पेठेसाठी फार दिवसांपासून ओळखले जाते. पेठेतील आडत्या, सरकी काढणाऱ्या कारखान्यातील मजूर आणि काळ्या रानात कापूस पिकविणारा शेतकरी या सर्वांचे वर्षाचे गणित मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसावर बसविलेले असते. हे गणित अलीकडे वारंवार चुकू लागले आहे, ही तक्रार आता केवळ पारावरची राहिलेली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढले. ज्या मराठवाड्याने २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी येताना पाहिले, त्याच मराठवाड्याने २०२५ च्या सप्टेंबरात उभी पिके पुराखाली बुडालेली पाहिली.

अशा संकटाला तोंड देण्यासाठी समित्या नेमल्या जातात, अभ्यास होतात, अहवाल छापले जातात. यावर सुशिक्षित घरांतूनही एक उपहास ऐकू येतो तो असा की, अहवालाने पाऊस पडत नाही आणि पूरही ओसरत नाही. हे म्हणणे खरे आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. दख्खनच्या गेल्या दीडशे वर्षांच्या दुष्काळांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला म्हणजे असे दिसते की, काही अहवालांनी लक्षावधी माणसे वाचविली आणि काहींनी ती मरू दिली. या दोहोंत भेद कोणता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभ १८७६ ते १८७८ च्या दुष्काळापासून करू. त्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांस विशेष अधिकारी म्हणून दक्षिणेत पाठविले. दोनतीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच गृहस्थांनी सढळ हाताने धान्य पुरवून मनुष्यहानी जवळजवळ टाळली होती. परंतु त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका त्यांच्या माथी आला. या वेळी त्यांनी हात आखडता घेतला. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांनी ठरविले. हेही एका अर्थी संशोधनच होते. त्यात मोजमाप होते आणि प्रयोग होता. मात्र मोजावयाचे होते ते तिजोरीतील रुपये. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणास कडाडून विरोध केला. राबणाऱ्या शरीरास किती अन्न लागते याचे शास्त्रीय पुरावे त्यांनी पुढे मांडले, आणि काही महिन्यांतच मद्रासेत ते प्रमाण वाढविणे सरकारास भाग पडले.

इकडे मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध दुष्काळी कामे सोडून दिली. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने घेतली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने तालुक्यातालुक्यांतून पीकपाणी, भाव आणि लोकस्थिती यांची माहिती आपल्या प्रतिनिधींकडून मागविली आणि ती वृत्तांतांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. सरकारी दप्तराव्यतिरिक्त, लोकांच्या बाजूने, पुराव्यासह केलेली धोरणाची चिकित्सा म्हणून या वृत्तांतांचे महत्त्व फार मोठे आहे. सभेजवळ सत्ता नव्हती, शास्त्रीय उपकरणेही नव्हती. तिच्याजवळ होती ती गावोगावची खरी माहिती, आणि ती निर्भीडपणे मांडण्याची तयारी.

दुष्काळ संपल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १८८० साली आला. ब्रिटिश मुलखात सुमारे साडेबावन्न लाख माणसे अधिक मेली, असा त्याचा अंदाज होता. पण या अहवालाचे मोल त्या आकड्यात नसून त्यातून निघालेल्या ‘फॅमिन कोड’मध्ये आहे. १८८३ साली या संहितेचा नमुना तयार झाला व पुढे प्रांतोप्रांती संहिता झाल्या. धान्याचे भाव चढणे, उधारी बंद होणे, माणसे गाव सोडून भटकू लागणे ही दुष्काळाची पूर्वचिन्हे कोणी टिपावयाची. ती दिसताच कामे कोणी काढावयाची. अपंग व वृद्ध यांची यादी कोणी करावयाची. शेतसाऱ्याची तहकुबी आणि तगाई केव्हा द्यावयाची, हे सारे संकट येण्यापूर्वीच कागदावर आले. दुष्काळ येणार की नाही हे संहितेस ठाऊक नव्हते. आल्यास कोणाचे काम कोणते, एवढे तिने ठरवून ठेवले.

संहितेने सर्व काही साधले असे मात्र नाही. मानवत त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १८९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांचा फटका त्या राज्यास किती बसला, हे खानेसुमारीवरून दिसते. १८९१ साली हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती. १९०१ साली ती सुमारे १ कोटी ११ लाख भरली. ब्रिटिश मुलखातही या दुष्काळांत माणसे मेलीच, आणि संहिता दोनदा तपासावी लागली. त्याहून मोठा धडा बंगालने दिला. १९४३ साली तेथे संहिता अस्तित्वात असूनही सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. वुडहेड आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो याहून पुष्कळ मोठा मानला आहे. अर्थात् नियम लिहिलेला असणे पुरेसे नाही. तो अंमलात आणावा की नाही हे ज्याच्या मर्जीवर असते, त्याला जाब विचारणारे कोणीतरी असावे लागते.

हा जाब विचारण्याचा हक्क महाराष्ट्रात कसा आला, याची कथा आपल्या पिढीच्या आठवणीतील आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात ग्रामीण भागात सार्वजनिक कामांची हमी देण्याचा विचार मांडला. आणि १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणारे हात आणि सुकडी खाणारी मुले ज्यांनी पाहिली त्यांस तो उन्हाळा विसरणे शक्य नाही. तथापि मोठ्या प्रमाणावर भूकबळी त्या वर्षी पडले नाहीत. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारदार वाचकांच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम मुळात दुष्काळी रानातील मजुरासाठी होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते? पुढे २००५ साली हाच विचार देशाच्या कायद्यात उतरला.

टेंपल यांचा अर्धा शेर आणि पागे यांची हमी या दोहोंमध्ये सुमारे शंभर वर्षे आहेत. पण अंतर काळाचे नसून प्रश्नाचे आहे. पहिल्याने विचारले, किती थोडक्यात भागेल? दुसऱ्याने विचारले, या माणसाचा हक्क कोणता? संशोधन दोन्हीकडे होते. त्याचे फळ निराळे निघाले, कारण प्रश्न निराळा होता.

आता सांप्रतच्या संकटाकडे येऊ. हवामानबदलाविषयी महाराष्ट्रात अभ्यास झाला नाही असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेकडे राज्यसरकारने २०१० साली हे काम सोपविले. तिचा अहवाल २०१४ साली तयार झाला. परभणीस तर शेतीसंशोधनाची जुनी परंपरा आहे. तेथील प्रयोगक्षेत्र १९१८ साली, निजामी राजवटीत सुरू झाले आणि नेमक्या १९७२ सालीच तेथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून हवामानास तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प परभणीसह पंधरा जिल्ह्यांत हाती घेतला गेला. मुंबईच्या आय.आय.टी.ने त्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत बसवून दिली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांस किती लागेल, हे गावकऱ्यांनीच मांडून पाहावे, ही कल्पना सार्वजनिक सभेच्या वृत्तांतांची आठवण करून देणारी आहे.

उणीव आहे ती दुसरीकडे. आपली जुनी संहिता पाऊस न पडण्याच्या संकटासाठी घडली होती. आज संकट पाऊस भलत्या वेळी आणि भलत्या मापाने पडण्याचेही आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा राज्यातील नियम आहे. पण पाऊस मोजला जातो तो मंडळाच्या पर्जन्यमापकात, आणि नुकसान होते ते शेतात. पर्जन्यमापकाच्या गावी साठ मिलिमीटर आणि दोन कोसांवर शंभर पडले, तर मदत मिळविण्यासाठी त्या दुसऱ्या गावाने कोणाच्या दारी जावे? शेतकऱ्याच्या निदान पंचनाम्याचा तरी विचार होतो. पण कापूस भिजून गेल्यावर वेचणीविना राहिलेल्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली जाते? वैशाखातील वाढत्या उन्हात दुपारचे काम बंद ठेवावे असा सल्ला अभ्यासक देतात. तो योग्यच आहे. पण त्या बंद तासांचा रोज कोणी द्यावयाचा, हे सांगितले नाही तर तो सल्ला पोटभर जेवणाऱ्याचा उपदेश ठरतो.

या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण घेण्यासारखे आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेथे पुष्कळ माणसे दगावली. त्या मृत्यूंचा अभ्यास झाला आणि २०१३ साली शहराने उष्णतेविरुद्ध एक योजना आखली. तापमान अमुक अंशावर गेले की इस्पितळाने, पालिकेने, मजूर खात्याने काय करावयाचे, हे तीत नेमून दिले आहे. जुन्या फॅमिन कोडचाच हा नवा वंशज म्हणावयास हरकत नाही.

हवामानाच्या अभ्यासकांकडून मानवतसारख्या गावाने भविष्यकथनाची अपेक्षा करू नये. पुढील वर्षी हस्त बरसेल की नाही, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण बरसला तर काय आणि न बरसला तर काय, कोणत्या दिवशी, कोणत्या कचेरीने, कोणत्या घरापर्यंत पोहोचावयाचे, हे आधी ठरविता येते, आणि ते ठरविण्यासाठीच अभ्यास हवा असतो. असा अभ्यास प्रसिद्ध झाला की तो मराठीत वाचावा, त्यात आपल्या तालुक्याचे नाव शोधावे, आणि ज्यावर कर्तव्य नेमले आहे त्यास त्याची आठवण करून द्यावी, एवढे काम सुशिक्षित वर्गाने पत्करले पाहिजे. १८७७ साली तार, पत्र आणि पायपीट यांच्या जोरावर पुण्याच्या चार वकिलांनी ते केले. आज ते करणे त्याहून अवघड नाही.